पाऊण तासाचे काजवे

मे संपत आला की काजव्यांचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरायला लागतात. एक डेरेदार झाड, मागे निळसर आभाळ आणि फांदीफांदीवर हजारो पिवळे-हिरवे ठिपके. तो फोटो बघून भंडारदऱ्याला गेलेला माणूस बऱ्याचदा हिरमुसतो. तिथे उभं राहिल्यावर तेवढे काजवे दिसतच नाहीत, आणि दिसणारही नाहीत. त्या फोटोत वीस मिनिटं, अर्धा तास, कधी पाऊण तास एकावर एक रचलेला असतो. असे फोटो मीही काढतो. ते कसे होतात आणि त्यातलं किती खरं मानायचं, हे एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी नाशिकचा. नोकरी बँकेत, कॅमेरा हौसेचा. एरवी माझं फोटो काढणं म्हणजे गोदाघाटावरची सकाळ, थंडीत नांदूरमधमेश्वरचे पक्षी, प्रवासात एसटी स्टँडवरची माणसं. या सगळ्यात उजेड आयता मिळतो, आपण फक्त तो मोजायचा. काजव्यांच्या बाबतीत सगळंच उलटं. तिथे उजेडापासून पळावं लागतं.

तयारी सुरू होते ती कालनिर्णयपासून. आमच्या सह्याद्रीत काजव्यांचा हंगाम साधारण मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांपासून जूनच्या मध्यापर्यंत. वळवाचे एकदोन पाऊस पडून हवेत दमटपणा आला की ते दिसू लागतात आणि मोसमी पाऊस जोरात लागला की संपतात. या चार आठवड्यांत अमावास्या कधी येते ते बघायचं. अमावास्येनंतरचे तीनचार दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. चंद्रकोर लवकर मावळते आणि त्याआधीच्या तेवढ्याशा उजेडात पाय कुठे ठेवायचा ते तरी कळतं. शनिवार-रविवार मात्र टाळायचे, रजा गेली तरी चालेल. कारण पुढे येईलच.

घरची तयारी त्याहून महत्त्वाची. काजव्याची एक चमक सेकंदापेक्षाही कमी टिकते. मग शटर पाच सेकंद उघडं ठेवा नाहीतर तीस सेकंद, त्या एका चमकेतून कॅमेऱ्याला मिळणारा उजेड तेवढाच. ठिपका किती ठळक उमटेल ते ठरतं ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं) आणि आयएसओवर (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील). शटरच्या वेळेने वाढतो तो मागच्या आभाळाचा आणि झाडाचा उजेड. हे कळलं की निम्मं काम झालं. मी ते उदबत्तीवर पडताळून पाहिलं होतं. खोलीत पूर्ण अंधार केला, मुलीच्या हातात पेटलेली उदबत्ती दिली आणि तिला सांगितलं की दुसऱ्या हाताने टोक झाकून ठेव, मी ‘हं’ म्हटलं की क्षणभर हात बाजूला कर. एकदा पाच सेकंदांचं एक्स्पोजर, एकदा तीसचं. दोन्ही फोटोंत लाल ठिपका सारखाच, पण तीसवाल्यात खिडकीच्या फटीतून येणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्याने अख्खा पडदा उजळलेला. “बाबा, माझा हात भाजेल आता,” म्हणून प्रयोग तिथेच आटोपला, पण जे हवं ते मिळालं होतं.

त्यावरून माझा हिशोब ठरला: लेन्सचं तोंड शक्य तेवढं उघडं, म्हणजे एफ १.८, आयएसओ १६००, शटर ३० सेकंद. फार महाग काही लागत नाही. माझी कॅमेऱ्याची बॉडी जुनी, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरची आहे. लेन्स एकच, पण मोठ्या ॲपर्चरची. खर्च करायचाच असेल तर दणकट ट्रायपॉडवर करावा, हे माझं ठाम मत.

नाशिकहून घोटी, तिथून बारीवरून भंडारदऱ्याजवळचं शेंडी गाव. दुपारी तीनच्या आत पोचायचं, कारण जागा उजेडीच निवडावी लागते. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर ही काजव्यांची झाडं म्हणून या भागात सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यातलं नेमकं कुठलं झाड यंदा भरलंय ते गावातल्या माणसालाच विचारावं. आमचे वाटाडे दादा शेंडीच्या जवळच्या वाडीतले. आदल्या रात्री ते स्वतः फिरून आलेले असतात. “सर, ते मोठं झाड सोडा, यंदा तिकडं काय नाय. बांधावरचा सादडा बघा,” असं त्यांनी सांगितलं की वाद घालायचा नाही. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. नाक्यावर नोंद करायची, शुल्क भरायचं आणि ठरलेली वाट सोडायची नाही.

वाट न सोडण्याचं कारण फक्त नियम नाही. काजवा ही माशी नव्हे, तो भुंगेऱ्यांच्या जातीचा कीटक. चमकताना दिसतो ते त्याचं शेवटच्या थोड्या आठवड्यांचं आयुष्य. त्याआधीचे कित्येक महिने तो अळीच्या रूपात ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात असतो, गोगलगायी खाऊन वाढतो. उडत चमकणारे बहुतेक नर, आणि माद्या बऱ्याचदा खाली गवतात किंवा झुडपावर बसून उत्तर देतात. म्हणजे चांगला कोन मिळावा म्हणून आपण झाडाखालच्या गवतात शिरलो, तर ज्यांचा फोटो काढायला आलो त्यांच्याच पुढच्या पिढीवर पाय देतो. शिवाय त्या दिवसांत गवतात फुरसंही असतं, ते वेगळंच.

ट्रायपॉड लावल्यावर मी उजेडातच झाडाच्या खोडावर फोकस करतो, लेन्स मॅन्युअलवर टाकतो आणि फोकसच्या कड्यावर चिकटपट्टी लावतो. अंधार पडल्यावर फोकस करायला काहीच उरत नाही. कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा दिवा बंद, फोटो काढल्यावर पडद्यावर दिसणं बंद, मेमरी कार्डाच्या लाल दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप. लाँग एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शन, म्हणजे फोटोतले खोटे ठिपके कॅमेऱ्यानेच पुसणं, तेही बंद, कारण ते चालू असलं की प्रत्येक तीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तीस सेकंद स्वतःच्याच कामात गुंततो आणि तेवढे काजवे निसटतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोच्या रंगाची छटा, ऑटोवर न ठेवता ४००० केल्विनच्या आसपास ठेवतो, फोटो रॉ म्हणजे कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये.

सूर्य मावळल्यावर पंधरावीस मिनिटांनी आभाळ गडद निळं होतं. तेव्हा पहिली फ्रेम घ्यायची. यात काजवा एकही नसतो. झाडाचा आकार, बांध, मागची डोंगररांग एवढंच. पुढे या फ्रेमवर काजव्यांच्या फ्रेम बसवायच्या असल्याने यानंतर ट्रायपॉडला बोटही लावायचं नाही. मी रिमोटची वायर आधीच जोडून ठेवतो आणि तीन पावलं मागे सरकून बसतो. या कामातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे हे बसणं. अंगाला डासांचं मलम फासलेलं, म्हणून लेन्सला हात लावायची सोय नाही. हवेतल्या दमटपणाने काचेवर वाफ धरते, ती बघायला बॅटरी लावायची नाही. अगदी गरज पडली तर बॅटरीवर लाल जिलेटिन कागदाचे दोनतीन थर बांधून ती खाली जमिनीकडे धरायची. काजव्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही.

आधी गवतातून एखाददुसरा चमकतो. मग झुडपांत. पावणेआठ-आठच्या सुमाराला झाड जागं होतं. सुरुवातीला सगळे आपापल्या चालीने, हळूहळू एका फांदीवरचे एकत्र उघडझाप करायला लागतात, आणि मग अख्खं झाड एका ठेक्यात. पेटलं, विझलं, पेटलं. शेजारच्या झाडावर तोच ठेका किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे उजेडाची लाट डावीकडून उजवीकडे गेल्यासारखी दिसते. या उजेडात उष्णता जवळपास नसतेच. ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो, ल्युसिफेरेज हे विकर तो घडवून आणतं, आणि त्यातूनच हा थंड प्रकाश निघतो. आपल्या जुन्या पिवळ्या बल्बचं याच्या नेमकं उलट, तो उजेडापेक्षा उष्णताच जास्त देतो.

आणि मग कुठूनतरी गाडी येते. हेडलाइट थेट झाडावर, सेकंदात झाड विझतं आणि पुन्हा लयीत यायला बराच वेळ घेतं. उतरणारे लोक मोबाइलची बॅटरी लावून काजवे शोधतात! त्यांना “अहो, दिवा बंद केलात की दिसतील” असं समजावणं हा या छंदाचा अलिखित भाग आहे. आमचे दादा ते जास्त चांगलं करतात. “भाऊ, लाइट बंद करा आन् दोन मिन्टं डोळं मिटून उभं ऱ्हावा.” लोक ऐकतात, आणि डोळे उघडल्यावर जो आवाज निघतो तो ऐकण्यासारखा असतो. शनिवारी मात्र असं किती जणांना सांगणार? एका रांगेत चाळीसपन्नास गाड्या लागल्या की फोटो तर जाऊ दे, त्या रात्री नर-मादीचा इशाऱ्यांचा खेळच मोडतो. पर्यटनाने वाडीला चार पैसे मिळतात हे खरं, म्हणून येऊच नका असं मी म्हणणार नाही. पण गाड्या गावातच ठेवून शेवटचा टप्पा पायी करायचा नियम सगळीकडे कडकपणे झाला पाहिजे.

घरी आल्यावरचं काम संगणकावरचं. तीस सेकंदांच्या नव्वद फ्रेम म्हणजे पाऊण तास. त्यातल्या बॅटरीच्या, हेडलाइटच्या, विमान गेलेल्या फ्रेम आधी बाजूला काढायच्या. उरलेल्या फ्रेम त्या पहिल्या निळ्या फ्रेमवर एकेक थर म्हणून ठेवायच्या आणि मिश्रणाची पद्धत ‘लाइटन’ निवडायची, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी सगळ्या थरांतला जो सर्वांत उजळ तोच दिसतो. इथे एक गंमत होते. गरम झालेल्या सेन्सरचे काही बिंदू आपोआप चमकतात आणि थर रचले की तेही काजवे म्हणून मिरवतात. ओळखायची खूण सोपी: ते लाल, निळे किंवा पांढरे, टोकदार, आणि प्रत्येक फ्रेममध्ये अगदी त्याच जागी. काजवा पिवळसर हिरवा आणि कडेला मऊ. मी त्याच रात्री शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याच सेटिंगच्या थोड्या काळ्या फ्रेम घेऊन ठेवतो. त्या वजा केल्या की हे तोतये बहुतेक निघून जातात.

आता प्रश्न किती थर ठेवायचे हा. तांत्रिक उत्तर नाही. नव्वद ठेवले तर झाड दिवाळीच्या रोषणाईसारखं लखलखतं आणि लाइकही धो धो मिळतात. तसा एक फोटो दादांना पाठवला होता. त्यांचा लगेच फोन, “सर, भारी हाय. पन एवढं नसत्यात ओ कधी.” ज्याने जन्मभर ते झाड पाहिलंय त्याच्याशी काय बोलणार? तेव्हापासून मी थर पंधरावीसवर आणून थांबतो, फांद्यांचा आकार काजव्यांवरून कळायला लागला की बास. आणि फोटोखाली एक ओळ कायम लिहितो: इतक्या फ्रेम, इतकी मिनिटं. स्पर्धेला पाठवताना तर नियम आधी वाचावेतच. बऱ्याच निसर्ग-छायाचित्रांच्या स्पर्धांत थर रचलेले फोटो चालत नाहीत, किंवा तसं कळवावं लागतं. काही मित्र म्हणतात, लोकांना सुंदर दिसल्याशी मतलब. मला ते पटत नाही. तो फोटो बघून शनिवारी गाडी काढणाऱ्याला तिथे आल्यावर फसवल्यासारखं वाटतं, आणि मग तो बॅटरी लावून शोधायला लागतो.

पण थर कमी केले तरी एक गोष्ट राहतेच. त्या रात्रीचं खरं आश्चर्य ठेक्यात होतं, आणि स्टॅकिंग, म्हणजे हे थर रचणं, नेमका ठेकाच पुसून टाकतं. सगळे काजवे कायमचे पेटलेले. म्हणून गेल्या हंगामात व्हिडिओ करून पाहिला. तिथे एका फ्रेमला तीस सेकंद मिळत नाहीत, सेकंदाचा पंचविसावा भाग मिळतो, त्यामुळे आयएसओ १२८०० पर्यंत चढवावा लागला. चित्रात वाळूसारखे दाणे आले, डोंगररांग गायब, झाड नुसतं अंदाजाने ओळखायचं. लय मात्र स्पष्ट दिसते, लाट डावीकडून उजवीकडे जातानासुद्धा. कोणी घरी आलं की आता मी आधी टीव्हीवर तो दाणेदार व्हिडिओ लावतो आणि मग फोटो दाखवतो. पाहुण्यांना फोटोच आवडतो. दादांनी मात्र व्हिडिओ मागून घेतला आणि त्यांच्याकडे मुक्कामाला येणाऱ्यांना तोच दाखवतात.