पन्हाळ्याच्या उतारावर, खोडाला लगडलेलं फळ

कोल्हापुरातून शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली की रत्नागिरी रस्त्याला केर्लीपर्यंत ऊसच ऊस. वाघबिळापासून पन्हाळ्याकडे चढायला लागलं की काळी माती संपते, तांबडी माती आणि जांभा दगड दिसू लागतो. मे महिन्यात या रस्त्याला बायका करवंदं-जांभळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या असतात. मी दोन्ही घेतली, पण निघालो होतो त्या जांभळाचा दूरचा भाऊबंद बघायला.

गडाखालच्या उतारावर ओळखीच्या एका काकांची बाग आहे. आंबे, फणस, थोडी कॉफी आणि विहिरीच्या कडेला जबोटिकाबाचं एक झाड. मूळ ब्राझीलचं, पेरू-जांभळाच्या कुळातलं. परदेशी झाडं या भागाला नवी नाहीत. १८९४ ते १९२२ या काळात राज्य केलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीची लागवड करून पाहिली होती. त्यामुळे हे झाड इथं बघताना मला ते उपरं वाटलंच नाही.

मी आधी शेंड्याकडेच बघत राहिलो. बारीक, तकतकीत पानं, कोवळी पालवी तांबूस. फळ कुठं दिसेना.

“वर काय बघताय पाव्हणं, खोडाकडं बघा की!” काका म्हणाले.

खोडाच्या बुंध्यापासून जाड फांद्यांपर्यंत काळी-जांभळी फळं थेट सालीला चिकटलेली. देठ जवळजवळ नाहीच. पेरूसारखी पापुद्रे सुटणारी गुळगुळीत साल, आणि तिच्यावर एकाला एक खेटून बसलेले ते टपोरे गोळे. खोडाला फळं धरणारे फणस आणि उंबर आपल्या रोजच्या बघण्यातले. पण उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, याची फुलं मात्र राजरोस खोडावर फुलतात. पांढरी, नुसत्या केसरांचे झुबके असावेत तशी. एका फांदीवर अजून थोडी होती आणि तिच्यावर मधमाश्यांची नुसती झुंबड. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण महिनाभराचाच खेळ. झाड थोडं ताणावर ठेवून मग भरपूर पाणी दिलं की बहर येतो. पाण्याची सोय असेल तर वर्षातून एकापेक्षा जास्त वेळाही येतो.

खायची रीत काकींनी शिकवली. “दातानं जरा साल फोडायची आन् गर आत ओढायचा. साल टाकून द्यायची.” फळ दोन ते चार सेंटिमीटरचं. जाड साल फट्कन फुटते आणि पांढरट, रसाळ, बुळबुळीत गर जिभेवर येतो. आधी द्राक्षाची गोडी, मागून हलका आंबटपणा, आत एक ते चार बिया. मी एक साल चावून पाहिली. चांगलीच तुरट आहे. टॅनिन भरपूर असतं तिच्यात, म्हणून रोज ढीगभर साली खाऊ नयेत. पण काकी त्या फेकत नाहीत. थोड्या साली गराबरोबर शिजवून, गाळून, साखर घालून त्या जेली करतात. रंग असा गडद येतो की बाटली उन्हात धरून बघत बसावं. ब्राझीलमध्ये याचा मुरंबा, दारू, लिकर सगळं होतं आणि सबारा नावाच्या गावात तर या फळाचा उत्सव भरतो.

एवढं चवदार फळ कोल्हापूरच्या बाजारात का नाही? कारण ते झाडावरून उतरलं की तीन-चार दिवसांत आंबायला लागतं. पेटीत भरून पुण्या-मुंबईला धाडायचं हे फळच नव्हे. त्यातून झाड अतिशय सावकाश वाढतं. बियांपासून लावलं तर फळाला आठ-दहा वर्षं सहज लागतात, कलमाला त्याहून कमी. म्हणूनच याची एकरावारी लागवड करून लाखोंची स्वप्नं दाखवणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. ऊस मोडून हे लावू नये. घराजवळ, हाताशी पाणी असेल तिथं एखादं झाड मात्र जरूर लावावं. घरच्यांनी आणि आल्यागेल्यानं झाडाखाली उभं राहून खावं.

जमीन मात्र बघून घ्यावी. याला आम्लधर्मी माती मानवते, ती पन्हाळ्याच्या तांबड्या मातीत आपसूक मिळते. चुनखडीच्या रानात लोह कमी पडून पानं पिवळी पडतात. मुळं वरवरची असल्यानं उन्हाळ्यात बुंध्याशी पाचटाचं आच्छादन हवंच.

“पाणी तेवढं चुकवायचं न्हाई बघा,” काका दोनदा बजावून म्हणाले.

निघताना काकींनी बिया ओल्या फडक्यात बांधून दिल्या. या बिया वाळल्या की उगवत नाहीत, म्हणून लगेच लावायच्या. एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपंही निघतात. जमिनीची सोय नसेल त्यांनी मोठ्या कुंडीत लावायलाही हरकत नाही, कुंडीतही याला फळ धरतं.