तीन किलोवॅटचं घर: टस्कनीच्या गावकुसाबाहेर एक आठवडा

इटलीतल्या टस्कनीत सुट्टीसाठी भाड्याने मिळणारी दगडी घरं मुळात बांधली गेली ती दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. 'मेत्झाद्रिया' म्हणजे आपली अर्धेलीची शेती: जमीन आणि घर मालकाचं, कष्ट कुळाचे, पीक निम्मं-निम्मं. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. आपला १९४८ चा कूळकायदा आठवेल, फरक इतकाच की इथली बरीच कुळं शहराकडे निघून गेली आणि टेकड्यांवरची घरं ओस पडली. तळमजल्यावर गोठा, वर स्वयंपाकघर, बाहेरून दगडी जिना. म्हणून खालच्या खोल्या थंड पण अंधाऱ्या असतात, जाड भिंतींतून वायफाय पलीकडे पोचत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना जिना नकोसा होतो. आई-बाबा बरोबर असतील तर 'झोपायची खोली आणि न्हाणीघर एकाच मजल्यावर आहे का' हा प्रश्न पोहण्याच्या तलावाच्या आधी विचारावा.

घरं मुख्यतः दोन प्रकारची. 'आग्रितुरिझ्मो' कायद्याने शेतकऱ्यानेच चालवायचं असतं (पहिला कायदा १९८५ चा, आताचा २००६ चा), 'काझा वाकान्झे' म्हणजे नुसतं सुट्टीचं घर. पहिल्यांदा जाणाऱ्याने मी म्हणेन आग्रितुरिझ्मोच घ्यावं. मालक बहुधा हाकेच्या अंतरावर असतो, आणि रात्री वीज गेली की त्याचं मोल कळतं. २०२५ पासून प्रत्येक भाड्याच्या घराला 'चिन' हा राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो आणि तो जाहिरातीत छापावा लागतो. क्रमांक नसेल तर पुढे जाऊ नये.

जुलै-ऑगस्टमध्ये भाडं बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवार. भाड्याच्या आकड्याखाली बारीक अक्षरात काय आहे ते वाचावं: शेवटची सफाई, चादरी-टॉवेल, परत मिळणारी अनामत, आणि माणशी-रात्री मोजला जाणारा 'तास्सा दी सोज्जोर्नो' हा ग्रामपालिकेचा कर. हा बऱ्याचदा रोख मागतात. लहान मुलांना सूट असते, पण वयाची अट गावागणिक बदलते. थंडीत जाणार असाल तर 'रिस्काल्दामेंतो' म्हणजे घर तापवण्याचा खर्च वेगळा आहे का ते आधी विचारा. खेड्यात पाइपचा गॅस क्वचितच पोचलेला असतो. अंगणात पुरलेल्या टाकीतला एलपीजी मीटरवर मोजून विकतात आणि तो महाग पडतो. त्यातून दगडी भिंती तापायला एक-दोन दिवस घेतात, म्हणजे पहिल्या दोन दिवसांचा गॅस भिंतीच खातात. मीटरचा फोटो आल्याबरोबर काढावा आणि निघतानाही.

इटलीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. घराच्या आरक्षणावर एकाचंच नाव असतं, तेव्हा सगळ्यांची नावं आणि तारखा असलेलं पत्र मालकाकडून मागून घ्यावं. पासपोर्ट पोरासोरांसकट सगळ्यांचे दाखवावे लागतात. पाहुणे आल्याची नोंद मालकाला २४ तासांच्या आत पोलिसांकडे करावी लागते, त्यामुळे पासपोर्ट मागितला म्हणून बिचकू नये.

गाडीशिवाय या घरांचा उपयोग नाही. आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो: आरटीओत फॉर्म ४ए, १००० रुपये, मुदत एक वर्ष. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. गिअर आपोआप बदलणारी गाडी हवी असेल तर तसं आधी नोंदवावं, नाहीतर हाती गिअरची येते आणि उजव्या बाजूने चालवताना उजव्या हाताने गिअर टाकायची सवय पहिल्याच दिवशी करावी लागते. घराचा पत्ता 'लोकालिता' (वस्ती) नाहीतर 'पोदेरे' (शेतवाडी) अमुक, आणि पुढे 'एसएनसी', म्हणजे घरक्रमांक नाही. नकाशाचं अॅप अशा पत्त्यावर टेकडीच्या भलत्या बाजूला नेतं आणि जवळचा म्हणून ट्रॅक्टरची वाट दाखवतं. अक्षांश-रेखांश मागावेत, आणि शेवटच्या दोन-तीन किलोमीटरचं वळणावळणाचं वर्णनही. हा शेवटचा टप्पा बहुधा 'स्त्रादा बियांका', पांढऱ्या खडीचा रस्ता. ताशी वीस-तीसच्या वर जाऊ नये: टायर, काच आणि गाडीची खालची बाजू मूळ विम्यात सहसा धरलेली नसते.

शहरात जायचं तर 'झेडटीएल', म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग, सांभाळावा. जुन्या पेठांच्या तोंडाशी कॅमेरे असतात, परवान्याशिवाय आत गेलं की दंड, आणि तो गाडी कंपनीच्या हाताळणी शुल्कासह काही महिन्यांनी पुण्या-मुंबईच्या पत्त्यावर येतो. चुकून दोनदा फिरलात तर दोन दंड. फ्लोरेन्ससाठी 'व्हिला कोस्तान्झा' उत्तम: ए१ महामार्गावरूनच थेट वाहनतळ, तिथून टी१ ट्राम. सिएनाला 'सांता कातेरिना' वाहनतळापासून सरकते जिने वर नेतात. रस्त्यावर पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या आपल्यासाठी नाहीत.

शनिवारी किल्ली साधारण चार ते सातमध्ये मिळते आणि रविवारी दुपारनंतर छोट्या गावातली दुकानं बंद. म्हणून बाजार किल्ली घेण्याआधीच. फळं-भाज्या घेताना हातात पातळ मोजा, मग काट्यावर त्या मालाचा क्रमांक दाबून चिकटपट्टी; पट्टी नसली की गल्ल्यावरून परत पाठवतात. पोळ्यांना 'सेमोला रिमाचिनाता' हे बारीक दळलेलं रवाळ पीठ, त्यात 'इंतेग्राले' म्हणजे कोंड्यासकटचं पीठ थोडं मिसळून. 'फारिना दी चेची' म्हणजे चक्क बेसन, तेव्हा पिठल्याची सोय झाली. लाटणं स्वयंपाकघरातल्या कप्प्यात बहुधा असतंच, कुकर मात्र बहुधा नसतो. तिथला पाव अळणी असतो, तो शिळा समजून परत करू नये.

आता वीज. इटलीत घरगुती जोडणी साधारण ३ किलोवॅटची. १० टक्के वर, म्हणजे ३.३ पर्यंत चालतं, त्याहून बरंच वर गेलं की थोड्या वेळात मीटरच वीज तोडतो. ओव्हन दोनच्या आसपास, पाणी तापवणारं कपडे धुण्याचं यंत्र तितकंच, गिझर सव्वा-दीड. दोन मोठी यंत्रं एका वेळी लावायची नाहीत, एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावं. अंधार झालाच तर आधी घरातल्या पेटीतला खटका पाहा. तो वरच असेल तर मीटरवरचा पाडलेला खटका वर करायचा. मीटर पुष्कळदा बाहेर, कधी तर रस्त्याच्या तोंडाशी. तो कुठे आहे ते उजेडातच बघून घ्यावं. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, पण आपले जाड पिनांचे प्लग बसत नाहीत. तिथल्या एका ओळीतल्या तीन गोल पिनांच्या सॉकेटातही छोटे आणि मोठे असे दोन प्रकार आहेत, तेव्हा दोन्ही अॅडॅप्टर न्यावेत.

सांडपाणी सेप्टिक टाकीत जातं, म्हणून ओले टिश्यू (वेट वाइप्स) संडासात टाकायचे नाहीत. उन्हाळ्यात खिडक्या आणि लाकडी झडपा सकाळी दहाच्या आत बंद, सूर्य कलल्यावर उघड्या. याच्या उलट केलं तर वरचा मजला भट्टी होतो. डासांच्या जाळ्या आहेत का ते विचारावं. छोटे काळे विंचू भिंतीत सापडतात, त्यांचा दंश मधमाशीइतपत, पण कोकणातल्यासारखे बूट झटकूनच घालावेत. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेर शिकारीचा हंगाम. रानात फिरायला मंगळवार-शुक्रवार बरे, त्या दिवशी बंदुका बंद असतात.

निघताना मालक तेल विकतो ते घ्यावं, पण डब्यावर 'राक्कोल्ता' म्हणजे तोडणीचं वर्ष वाचून. ऑलिव्ह तोडतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तेव्हा ऑगस्टात मिळतं ते गेल्या हंगामाचं. पाच लिटरचा पत्र्याचा डबा चेक-इनच्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी आणि भोवती दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, मधोमध कपड्यांत.