मधुमेह आणि पायाची सूज: आधी बघा, एक पाय की दोन्ही?

मधुमेह असलेल्या माणसाचे पाय सुजले की घरोघरी दोन उपाय ठरलेले असतात. पाय गरम पाण्यात बुडवायचे आणि मेडिकलमधून लघवीची गोळी आणायची. कृपया दोन्ही करू नका. नसा बधिर झाल्या असतील तर पाणी किती गरम आहे हे तळपायाला कळतच नाही. भाजतं, फोड येतो आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. लघवीच्या गोळीचं नंतर सांगते. त्याआधी सूज नीट तपासायला हवी, कारण वाढलेली साखर स्वतः सहसा पाय सुजवत नाही. कारण असतं ते मूत्रपिंडात, हृदयात, शिरांमध्ये, हाडांत किंवा गोळ्यांच्या डब्यात.

संध्याकाळी तपासा, तेव्हा सूज नीट दिसते. घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा 10 सेकंद दाबून धरा. अंगठा काढल्यावर खड्डा राहिला तर पाणी साठलं आहे. दुसऱ्या पायावरही तसंच करा. मग दोन्ही पावलांना तळहाताची मागची बाजू लावून कुठला पाय जास्त गरम लागतो ते बघा. ज्याचे पाय बधिर आहेत त्याच्या हातांवरही भरवसा ठेवू नका, घरातल्या दुसऱ्या कुणालातरी बघायला सांगा.

एकच पाऊल सुजलं आहे, लाल आहे, गरम आहे आणि दुखणं मात्र त्या मानाने फारच कमी? हे सगळ्यात फसवं. याला शार्को फूट म्हणतात. बधिर पायाची हाडं आणि सांधे आतल्या आत मोडत, सरकत असतात, आणि वेदना नसल्यामुळे माणूस त्याच पायावर चालत राहतो. ‘मुरगळला असेल’ म्हणून तेल चोळलं जातं. सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे डॉक्टरही गाउट (युरिक अ‍ॅसिडमुळे होणारी सांधेदुखी) किंवा जंतुसंसर्ग समजून औषध देतात, असंही होतं. दोन पावलांच्या तापमानात 2 अंश सेल्सिअस किंवा जास्त फरक असेल तर शंका घ्यायलाच हवी. अशा वेळी त्या पायावर भार टाकणं त्याच क्षणी बंद. पायाला घट्ट बसणारं खास प्लास्टर काही महिने ठेवावं लागतं. उशीर झाला तर तळव्याची कमान खाली बसते, पाऊल कायमचं वाकडं होतं आणि टेकणाऱ्या उंचवट्यावर जखमा होत राहतात.

एकच पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत गुठळी असू शकते. सोबत अचानक दम लागला तर थेट इमर्जन्सी. बोटांच्या बेचक्यातल्या चिरेतून जंतू शिरूनही एक पाय सुजतो, बहुधा तापासकट. यांपैकी काहीही असो, त्याच दिवशी दाखवा.

दोन्ही पाय सुजले असतील तर आधी गोळ्यांच्या स्ट्रिपची मागची बाजू वाचा. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या जोडीला पायोग्लिटाझोन 7.5 किंवा 15 मिलिग्रॅम अशी तिहेरी गोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. पायोग्लिटाझोन अंगात पाणी धरून ठेवतं, इन्सुलिनसोबत जास्तच; हृदय कमजोर असलेल्यांनी ते घेऊच नये. दुसरं नाव अम्लोडिपिन, बीपीची गोळी. तिची सूज सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्यामुळे येते, म्हणून लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. उलट पोटॅशियम आणि सोडियम मात्र घसरू शकतं. पायांच्या मुंग्यांसाठीची प्रीगाबॅलिन आणि गुडघ्यांसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन हेही त्यातलेच; यातल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडालाही इजा करतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्ट्रिप घेऊन त्यांच्याकडे जा.

सकाळी डोळ्यांभोवती फुगवटा आणि लघवीला न विरणारा फेस असेल तर मूत्रपिंडातून प्रथिनं गळत असावीत. त्यासाठी लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण तपासतात. ते 30 मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या खाली हवं. साध्या लघवी तपासणीत सुरुवातीची गळती दिसत नाही, म्हणून सूज नसली तरी ही तपासणी वर्षातून एकदा करावी. आडवं झाल्यावर दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात, दोन-तीन दिवसांत वजन 2 किलो वाढलं, तर हृदयाकडे बघायला हवं.

घरी करण्यासारखं म्हणजे मीठ. दिवसाचं सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी सगळं धरायचं. बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंड अधू असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशी बीपीची गोळी चालू असेल तर ते रक्तात धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं.

सूज बराच वेळ उभं राहण्यामुळे किंवा शिरांमुळे असेल तर आडवं पडून पाय छातीपेक्षा उंच, अर्धा तास, दिवसातून दोन-तीनदा ठेवा. टाचेखाली उशीची कड रुतू देऊ नका. घट्ट स्टॉकिंग्ज पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय घालू नयेत. मधुमेहात धमन्या कडक झाल्यामुळे या तपासणीत घोट्याजवळ मोजलेलं रक्ताचं प्रेशर खोटं चांगलं येऊ शकतं, म्हणून पायाच्या अंगठ्याचं प्रेशरही मोजायला सांगा. आणि चप्पल संध्याकाळी, सुजलेल्या पायाच्या मापाने घ्या, मागे पट्टा असलेली. पट्ट्याचा वळ उठत असेल तर ती बदला. बधिर पायावर त्याच वळाची जखम होते.