पपईची साक्ष

जास्वंदीचं फूल उभं चिरायचं तर पातं नवं लागतं. जुन्या पात्याने मधली नळी चुरडते, तिच्या पोटातून गेलेला धागा तुटतो आणि मग दाखवण्यासारखं काही उरत नाही. त्या दिवशी सकाळी साडेसातपासून मी फुलं चिरत बसले होते. एकूण चाळीस. एकेक अर्ध ओल्या टिपकागदावर, शेजारी भिंग. दहा वाजता फाटक उघडणार होतं.

मी एका सार्वजनिक उद्यानात वनस्पतिचित्रं काढते. शोभेची नव्हे, अभ्यासाची. पानाची लांबी कर्कटकाने घ्यायची, पुंकेसर मोजायचे, फूल कापून आतलं दाखवायचं, उजेड डावीकडून वरून येतोय असं धरून छाया द्यायची. पान अळीने खाल्लेलं असेल तर खाल्लेलंच काढायचं. दिसतं ते काढायचं, वाटतं ते नाही. या कामात शिस्त म्हणावी अशी ही एकच. ती मी वीस वर्षं पाळली आणि त्या दिवशी मोडली. तीही चित्रात नाही, फलकावर.

प्राइडचा दिवस, म्हणजे समलिंगी माणसांचा आणि जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःला वेगळं ओळखणाऱ्या ट्रान्स माणसांचा अभिमानाचा दिवस, उद्यानात साजरा करायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न आला की बागेत कशाला. प्राइड म्हणजे मोर्चा. १९६९च्या २८ जूनला न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल इन या समलिंगींच्या बारवर पोलिसांनी धाड घातली, लोक उलटून उभे राहिले, आणि बरोबर वर्षाने त्याच शहरात पहिला मोर्चा निघाला. रस्त्यावर उतरणं हाच त्यातला अर्थ. पण रस्ता सगळ्यांना झेपत नाही. गुडघे गेलेले असतात, कडेवर तान्हं असतं, कुणाला गोंगाट सोसत नाही, आणि कुणाची अजून चारचौघांत दिसायची तयारी नसते. बागेत सावली आहे, बाकं आहेत, चाकाच्या खुर्चीला उतार आहे. शिवाय बागेत कुणी कुणाला ‘इथे का आलात’ असं विचारत नाही. विचारलंच, तर ‘फुलं बघायला’ हे उत्तर तयार असतं.

दुसरा प्रश्न ‘सहकुटुंब’ या शब्दाचा. मुलांसमोर काय काय बोलायचं नाही याची एक यादी करावी, असं बैठकीत कुणीतरी सुचवलं. मी म्हटलं, फूल म्हणजे झाडाचं जननेंद्रिय, आणि ते आपण बालवाडीच्या सहलींना रोज हौसेने दाखवतो. यादी झाली नाही.

आता फलक. माझ्या टेबलामागे लावायला मी महिनाभर खपून तो केला होता. वर पपई. तिच्यात नर झाड, मादी झाड आणि उभयलिंगी झाड असे तीन प्रकार असतात, आणि हवामान बदललं की नर झाडही कधीकधी फळ धरतं. खाली अ‍ॅव्होकॅडो. त्याचं प्रत्येक फूल दोनदा उमलतं, आधी मादी म्हणून, मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. मग अळूच्या कुळातल्या अ‍ॅरिसिमाचे कंद. लहान, उपाशी कंद नर फुलं देतो, पोसला की मादी, आणि पुन्हा हाल झाले की परत नर. शेवटी स्कॉटलंडमधल्या फोर्टिंगलचा यू वृक्ष. शेकडो वर्षं त्याची नोंद नर म्हणून झालेली, आणि २०१५ साली त्याच्या एका फांदीवर लाल फळं दिसली. चित्रं चांगली उतरली होती, हे मीच सांगते. आणि या सगळ्यावर ठळक अक्षरात शीर्षक: ‘निसर्गाला काहीच वावगं नाही’. तळाला: ‘मग आपल्याला का असावं?’

फाटक उघडलं आणि तासाभरात हिरवळ भरली. कापडावर फुलं-पानं ठेवून लाकडी हातोडीने ठोकायचं आणि त्यांचा ठसा उमटवायचा, असं एक टेबल होतं. त्याबद्दल एवढंच सांगते की वीस मुलांच्या हातात वीस हातोड्या देण्याची कल्पना माझी नव्हती.

माझ्या टेबलाशी एक आजोबा आले. सोबत विशीतल्या दोन मुली, त्यातली एक नात. भिंगाखाली बघून म्हणाले, “यात नर कुठला?”

मी दाखवलं. जास्वंदीचे सगळे पुंकेसर खाली एकमेकांना जोडलेले असतात, त्यांची एक नळीच होते. त्या नळीच्या आतून स्त्रीकेसराचा दांडा वर जातो आणि टोकाला पाच लाल मखमली टिकल्या होऊन बाहेर पडतो.

“म्हणजे दोन्ही एकातच?”

“बहुतेक फुलांत असंच असतं, आजोबा. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, अशा जाती जेमतेम पाच-सहा टक्के.”

ते बराच वेळ बघत राहिले. “जन्मभर जास्वंद तोडली, कधी आत बघितलं नाही,” असं स्वतःशीच म्हणाले. मग नातीला पुढे ओढलं, आणि मागे संकोचून उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीला म्हणाले, “तू का लांब? तूही बघ.” एका भिंगावर दोघींची डोकी टेकली. आजोबा आपली काठी सांभाळत बाजूला झाले.

मी खूश होते. फलक काम करतोय असं मला वाटत होतं.

अकराच्या सुमारास पिवळ्या छत्रीच्या बाई आल्या. त्या स्वयंसेवक होत्या, फाटकाशी लोकांचं स्वागत करत होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. सकाळी ओळख करून देताना ‘मी ट्रान्स बाई, आणि मला ऊन सोसत नाही’ असं एका दमात सांगून त्यांनी छत्री उघडली होती. फलकावरचं अक्षर न् अक्षर त्यांनी वाचलं. चित्रांचं मनापासून कौतुक केलं. मग म्हणाल्या, “ताई, एक विचारू? माझी साक्ष द्यायला पपईला का बोलावलंत?”

मला कळेना.

“नाही, पपई बिचारी चांगलंच बोलतेय. पण उद्या एखाद्या झाडाने उलटी साक्ष दिली, तर मी घरी जायचं का?”

मी माझी बाजू मांडली. लोक ‘हे अनैसर्गिक आहे’ म्हणतात, त्यांना हे उत्तर आहे, वगैरे. त्या ऐकून घेत होत्या. “त्यांना उत्तर द्याच. पण निसर्गात तर पिल्लं खाणारेही प्राणी असतात. त्यांचा फलक नाही ना लावत आपण?” एवढं बोलून त्या हसल्या आणि फाटकाकडे गेल्या. भांडण नाही, काही नाही.

मी पुढच्या मुलाला भिंग दिलं, पण लक्ष उडालं होतं. कारण हे मला ठाऊक असायला हवं होतं. नर फूल, मादी फूल म्हणजे पराग कुणाकडे आणि बीजांड कुणाकडे, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. कोण कुणावर जीव लावतं, कोण स्वतःला काय म्हणून ओळखतं, यातलं काहीही पपईला ठाऊक नाही. फुलांना माणसांचे संसार चिकटवायची खोड आमच्या विद्येत जुनीच. लिनेअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३५ साली वनस्पतींचे वर्ग पाडले ते पुंकेसरांच्या मोजणीवर, पण लिहिताना त्याने पुंकेसरांना नवरे केलं आणि एका शेजेवर एका बायकोसोबत वीस-वीस नवरे झोपवले. योहान सीगेसबेक नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ खवळला. असला व्यभिचार देव वनस्पतींत होऊच देणार नाही, असा त्याचा वाद. एका चिकट तणाला लिनेअसने दिलेलं सीगेसबेकिया हे नाव आजही चालतं. हा किस्सा मी दर वर्षी विद्यार्थ्यांना हसत हसत सांगते. दोघांनीही फुलाकडे न बघता फुलात आपल्याला हवं ते बघितलं, असं वर ऐकवतेही. आणि माझ्या मागे लावलेल्या फलकाने तेच केलं होतं, फक्त भल्या बाजूने.

टेबलाखाली पांढऱ्या कागदाची गुंडाळी होती. दोन पट्ट्या कापल्या. एक शीर्षकावर चिकटवली, एक तळाच्या ओळीवर. पपई, अ‍ॅव्होकॅडो, अ‍ॅरिसिमा, यू जिथल्या तिथे राहिले. दुपारपर्यंत त्या कोऱ्या पट्टीवर मुलांनी पाकळ्या चिकटवल्या. एकाने मुंगळा काढला. चांगला होता, पाय बरोबर सहा.

जेवणाच्या सुट्टीनंतर मला रंगांच्या टेबलावर पाठवलं. तिथे प्राइडच्या इंद्रधनुषी झेंड्याचे पट्टे फुलांच्या रंगांनी रंगवायचे होते. पट्टे आठ. सहा नाहीत का, असं प्रत्येक दुसरा माणूस विचारत होता. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकर आणि त्याच्या सोबत्यांनी पहिला झेंडा हातांनी रंगवून शिवला तेव्हा पट्टे आठच होते. पुढे मागणी वाढली, भडक गुलाबी कापड हवं तेवढं मिळेना, म्हणून गुलाबी गळला. मग पट्टे सम संख्येत हवेत म्हणून फिरोजी गेला. राहिले सहा. प्रत्येक रंगाला बेकरने एक अर्थ दिला होता, आणि हिरव्याचा अर्थ निसर्ग.

गंमत अशी की भरल्या बागेत आमच्याकडे नेमका हिरवाच नव्हता. हळदीचा पिवळा होता, झेंडूचा नारिंगी होता. हळदीत सोडा घातला की ती विटकरी लाल होते, तो लाल होता. जास्वंदीच्या अर्कात लिंबू पिळलं की गुलाबी. गोकर्णाचा निळा, त्यात लिंबाचे दोन थेंब टाकले की जांभळा. पण पानांतलं हरितद्रव्य पाण्यात उतरत नाही आणि कागदावर घासलं तर काही वेळाने मळकट तपकिरी पडतं. रंगारी लोक हिरवा करतात तो निळ्यावर पिवळा चढवून. तसाच करा, असं मी सांगत होते. पानातून हिरवा मिळायचा नाही, असंही अधिकारवाणीने.

सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या दोन्ही आया पलीकडे धाकट्याला भरवत होत्या. हिने हळदीचा सोडा उचलला आणि गोकर्णाच्या वाटीत ओतला. मी ‘अगं’ म्हणेपर्यंत निळं पाणी फिरोजी झालं. तिने आणखी एक चिमूट टाकली. हिरवं.

“हा घ्या तुमचा हिरवा,” ती म्हणाली.

गोकर्णातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबटात जांभळं-गुलाबी होतं आणि खारात हिरवं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. शेजारच्या वाटीत सोडा होता आणि मला सुचलं नाही. त्यानंतर ते टेबल माझं राहिलं नाही, तिचं झालं. ती चिमटी मोजून देत होती आणि मोठी माणसं रांगेत उभी होती. गळालेला फिरोजी आणि नसलेला हिरवा, दोन्ही एकाच निळ्या फुलातून निघत होते. हा हिरवा टिकत नाही, हळूहळू पिवळट होतो. हे रंग उन्हाचे वैरी, भिंतीवर लावू नका, वहीत ठेवा, असं मी सांगत राहिले. तिची एक आई म्हणाली, “राहू दे, उडू दे. पुन्हा करेल.”

संध्याकाळी पाचला समारोप होता. पण तळ्याकडे कुणीतरी बातमी नेली की व्हिक्टोरियाची कळी वर आली आहे, आणि निम्मी गर्दी फाटकाकडे न जाता तिकडे वळली. ही अ‍ॅमेझॉनची महाकमळं. पान दोन मीटरहून रुंद, खालून काटेरी. फूल सूर्य कलल्यावर उमलतं, पांढरंशुभ्र, आणि चक्क गरम होतं. अननसासारखा वास सुटतो. त्याच्या मूळ देशात त्या वासाने भुंगेरे आत शिरतात, फूल त्यांच्यावर मिटतं आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत त्यांना कोंडून ठेवतं. पहिल्या रात्री ते मादी असतं. दुसऱ्या रात्री उघडतं तेव्हा नर, आणि रंग गुलाबी. परागाने माखलेले भुंगेरे बाहेर पडतात आणि पुढचं पांढरं फूल गाठतात. आमच्याकडे ते भुंगेरे नाहीत, म्हणून बी हवं असेल तेव्हा माळीबुवा कमरेएवढ्या पाण्यात उतरून कुंचल्याने ते काम करतात.

मी काठावर चित्र काढायला बसले. पांढऱ्या कागदावर पांढरं फूल म्हणजे फूल काढायचंच नाही, फक्त त्याच्या सावल्या काढायच्या. फिकट राखाडी, किंचित हिरवट. पिवळ्या छत्रीच्या बाई शेजारी येऊन टेकल्या. छत्री मिटलेली. उन्हात उभं राहून पाय सुजले होते त्यांचे.

“उद्या रंग बदलतो म्हणे.”

“हो. उद्या संध्याकाळी गुलाबी.” बाकी सगळं माझ्या जिभेवर होतं. मी कुंचला पाण्यात बुडवला.

दुसऱ्या दिवशी मी चित्र पुरं करायला तळ्यावर गेले तेव्हा हिरवळीवर पताका उतरवत होते. सहा वाजता त्या आल्या. सोबत त्यांची आई, पार वाकलेली, लेकीच्या दंडाला धरून. फूल उमललं होतं, गडद गुलाबी, पाकळ्या मागे वळलेल्या.

आईने आधी माझ्या कागदावरचं पांढरं फूल बघितलं, मग तळ्यातलं. “हे कालचंच का?”

“कालचंच, आजी.”

“दुसरं नाही?”

“नाही. तेच.”

त्या गप्प झाल्या. त्यांच्या डोक्यावरून लेकीने माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी गुलाबी रंग कालवायला घेतला. आई विचारत होत्या, याचं बी मिळतं का.