चौथ्या सीटवरून

मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये बाक तिघींचा असतो आणि त्यावर बसतात चौघी. चौथीला जेमतेम टेकायला मिळतं. एक पाय पॅसेजमध्ये, पर्स मांडीवरून घसरतेय आणि उभ्या असलेल्यांच्या ओढण्या तोंडावर. ‘जरा सरकता का?’ म्हटलं की तिघीही सरकल्यासारखं करतात. प्रत्यक्षात कोणीच सरकत नाही, तरी कसं कोण जाणे, जागा होते.

ग्रुपच्या गप्पांत शिरायचं तेही याच जागेवरून. खिडकीपाशी विषय निघतो, मधल्या दोघी तो रंगवतात आणि चौथीपर्यंत पोचेतो त्याचं शेपूट तेवढं उरतं. कोणाच्या तरी नणंदेने कोणाला तरी काहीतरी सुनावलंय, एवढं कळतं. कोणाला आणि का, ते विचारायची सोय नसते. नव्या बाईने पहिले काही आठवडे हसून वेळ मारून न्यायची. मग एक दिवस कोणीतरी आपणहून ‘द्या ती बॅग इकडे’ म्हणते. बॅग तिच्या मांडीवर गेली की अर्धा प्रवेश झाला. उरलेला अर्धा, एखाद्या वादात दोन्ही बाजू थकतात आणि ‘काय हो, तुमच्याकडे काय करतात?’ असा प्रश्न चौथ्या सीटकडे येतो तेव्हा.

आमचा ग्रुप डोंबिवलीहून सकाळच्या सीएसएमटी फास्टचा, बायकांच्या डब्यातला. आडनावं कोणाची धड माहीत नाहीत, त्यांचं काही अडतही नाही. ऑफिसवरून हाका मारतात. ‘आज मंत्रालय दिसलं नाही’ म्हणजे तिथे काम करणारी ताई रजेवर. एक एलआयसी आहे, एक कोर्ट आहे. घाटकोपरला उतरून अंधेरीकडे जाणारी मेट्रो आहे. २०१४मध्ये ती मेट्रो सुरू झाली आणि आमच्या गप्पांचा मध्यंतर कायमचा घाटकोपरला पडला. तिथे डब्यातला एक लोंढा उतरतो, त्यात वादातला एखादा पक्षच्या पक्ष निघून जातो. कल्याणहून बसून येतात त्या खिडकीवाल्या काकू. त्यांना ऑफिसचं नाव लागलं नाही, खिडकीचं लागलं.

मला प्रवेश मिळाला तो अळूवडीवर. श्रावण होता. काकूंचं म्हणणं, चिंच-गुळाशिवाय अळूवडी होतच नाही. कोर्टाचं माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे तिथे आमसुलाची बाजू. एलआयसीचं तिसरंच: काळ्या देठाची पानं नीट बघून घेतली तर घसा खवखवतच नाही, मग आंबटाचा एवढा बाऊ कशाला? ‘पण घसा खवखवतो तरी कशाने?’ असं कोणीतरी उभ्या-उभ्या विचारलं. औषध कंपनीतल्या एका मुलीने कानातला इअरफोन काढून सांगितलं की अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. शिजवून आंबट घातलं की त्रास कमी होतो. इअरफोन परत कानात. तोवर ती मुलगी आमचं ऐकते आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मग मला विचारलं. आमच्याकडे दोन्ही चालतं, असं मी म्हणाले आणि दोन्ही बाजूंनी माझ्याकडे पक्षांतर केलेल्या नगरसेवकाकडे बघावं तसं बघितलं. घाटकोपर आलं, मेट्रो उतरता उतरता दारातून ओरडली, ‘उद्या आणते गं मी, खाऊनच ठरवा!’ दुसऱ्या दिवशी स्टीलचा डबा या मांडीवरून त्या मांडीवर फिरला. वड्या ठाण्याच्या आत संपल्या. चिंच की आमसूल, ते कळायला कोणी जिभेवर ठेवलीच नव्हती.

या गप्पांना स्टेशनं असतात, हे त्यांचं मोठं सुख. पूर्वी आमची फास्ट पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६चा तो बोगदा, लांबी सुमारे १.३ किलोमीटर. आत शिरलं की आवाज एवढा घुमायचा की भांडण असलं तरी तोंड मिटावं लागे, आणि बाहेर आल्यावर कोण काय बोलत होतं ते निम्म्या जणी विसरलेल्या. फेब्रुवारी २०२२मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, जलद लोकल मुंब्र्यावरून जायला लागल्या आणि ती सक्तीची शांतता गेली. वेळ वाचला म्हणतात. असेल. आता मध्येच पिना आणि टिकल्या विकणारी येते, तिच्या पाटीवर सगळ्यांची मान वळते, तेवढाच काय तो बोगदा.

दादरनंतरच्या गप्पा वेगळ्या. दादरला डबा अर्धा रिकामा होतो, चौथी सीट आपोआप तिसरी होते, पाठ टेकते. भायखळा गेलं की आवाज खाली येतात. मुलीचं ठरत नाहीये, रिपोर्ट यायचाय, नवऱ्याची नोकरी गेलीय पण सासरी सांगितलेलं नाही, असलं सगळं भायखळा ते सीएसएमटीत बोललं जातं. तिथे सल्ले फार देत नाहीत. सँडहर्स्ट रोड, मस्जिद मागे पडतात, फार तर एखादी पाठीवर हात ठेवते आणि पंख्याखाली अंबाडा नीट करत उठते. अळूवडीवर तावातावाने बोलणाऱ्या याच बायका, हे नवीन माणसाला पटायचं नाही.

२०२०च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या. गाडी बंद पण व्हॉट्सॲप ग्रुप चालू. एरवी त्या ग्रुपवर कामापुरतं असायचं: ‘दिव्याला थांबलीये’, ‘आज बारा डब्यांचीच आहे’, ‘दोन नंबरवर येतेय, पळा’. आता दिवसभर गप्पा. सुरुवातीला बरं वाटलं. कोणी पोळ्यांचे फोटो टाकले, कोणी काढ्याच्या पाककृती. आणि मग एका काढ्यावरूनच जुंपली. कोर्टाने लिहिलं, ‘असलं काही पुढे पाठवू नका.’ डब्यात हेच वाक्य ती हसत, कोपराने ढोसून म्हणाली असती आणि काकूंनी ‘गप गं’ म्हणून विषय संपवला असता. फोनवर ना हसणं दिसलं, ना कोपर लागलं. काकूंनी रात्री बारा वाजता उत्तर दिलं, पहाटे त्याला उत्तर आलं. मध्ये घाटकोपर नाही, पिनावाली नाही, कोणी उतरत नाही की चढत नाही. तिसऱ्या दिवशी दोघी ग्रुपमधून बाहेर. परत आल्या त्या गाड्या सुरू झाल्यावरच.

माणसं डब्यात काही फार थोर असतात असं नाही. पण उद्या सकाळी त्याच दारातून आत यायचं असतं आणि तिने बॅग घेतली नाही तर ती आपल्याच खांद्यावर राहणार असते. जीभ उचलताना हा हिशेब आपोआप होतो. निवडणुकीच्या दिवसांत तर फार बघायला मिळतो. दोन कट्टर विरोधी मतांच्या बायका एकमेकींच्या डब्यातली भाजी खात एकमेकींच्या पुढाऱ्यांचा उद्धार करतात, आणि सीएसएमटी आलं की ‘संध्याकाळच्या गाडीला आहेस ना?’

आमचा ग्रुप धुतल्या तांदळासारखा आहे असं मात्र कोणी समजू नये. ठाण्याला चढणारीला दारातच अडवायचं, रुमाल टाकून जागा धरायची, आतल्या आत एकमेकींना सीट फिरवायच्या आणि बाहेरचीने विचारलं की ‘ती जागा बोललीये’ म्हणायचं, हे सगळं चालतं. आपसात एवढं सांभाळून बोलणाऱ्या बायका बाहेरच्या बाईशी किती टाकून बोलू शकतात, ते बघून लाज वाटते. उद्या भेटायचंय हा हिशेब तिच्या बाबतीत नसतोच ना. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळं टाळ कुटतात आणि ब्रीफकेसवर पत्ते पडतात. तिथेही नवख्याचे हाल काही वेगळे नसतील.

एसी लोकल आल्यावर मंत्रालय तिकडे गेलं. तिने सांगितलेली हकीकत अशी की तिथे घाम नाही, पण गप्पाही नाहीत. सगळे आपापल्या फोनमध्ये, आणि मोठ्याने हसलं तर लोक मान वळवून बघतात. उन्हाळा संपताच ती परत आली. पैशासाठी, असं म्हणाली.

काकू गेल्या वर्षी रिटायर झाल्या. डब्यातच ओटी भरली, साडी दिली, पेढे झाले. खिडकी रीतसर एलआयसीकडे गेली. पण महिन्यातून एखाद्या शनिवारी काकू अजून येतात, दादरच्या फुलबाजारात जायचं म्हणून. ऐन गर्दीच्या गाडीला. ‘फुलं काय कल्याणात मिळत नाहीत?’ एलआयसीने विचारलं.

‘मिळतात की. सरक जरा तिकडे,’ म्हणत काकू चौथ्या सीटवर टेकल्या आणि कोर्टाकडे वळून म्हणाल्या, ‘हं, परवा ग्रुपवर काय लिहिलं होतंस तू, साबुदाण्याच्या खिचडीत कांदा?’