आमची वाटचाल : तिथी बघून ठरणारी सहल

बुकिंगचा फोन आला की माझा हात आधी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे जातो. समोरचा सांगतो, "रविवारी पंधरा-सोळा जण येतोय." मी त्या रविवारची तिथी बघते आणि मगच हो किंवा नाही म्हणते. नवख्या माणसाला वाटतं, बाई फार धार्मिक दिसते.

अलिबागजवळ नागावला आमची दीड एकर वाडी आहे. माड, पोफळी, दोन-चार जायफळं आणि मधून जाणारा पाट. नुसत्या सुपारीवर घर चालत नव्हतं, म्हणून 2017 च्या हिवाळ्यात आम्ही दिवसभराच्या सहली घ्यायला सुरुवात केली. गावात तेव्हा जो तो वाडीत खोल्या बांधत होता. आम्हालाही पुष्कळांनी सांगितलं, "दोन खोल्या काढा, एसी लावा, पैसा रात्रीच्या मुक्कामाचा असतो." पैसा असेल, पण खोल्यांसाठी माड तोडावे लागले असते आणि रात्री दोनला बाटल्या आवरायची माझी तयारी नव्हती. सकाळी यायचं, संध्याकाळच्या बोटीने परत जायचं. हा नियम आजही तोच आहे.

पहिल्या मोसमातच आम्ही आपटलो. मुंबईहून 23 माणसं आली होती. आज्या, सुना, नातवंडं, सगळा एकच गोतावळा. गेटवेहून मांडवा, तिथून अलिबाग, मग आमच्या टेम्पोने वाडीवर. मी हौसेने घावन आणि नारळाच्या रसाचा बेत केला होता. खाणंपिणं आटपून अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यासमोर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. पाणी गुडघाभर होतं. मला वाटलं, ओहोटी आहे, उतरतंय. सगळे चालत गेलो. रघुजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ बघितलं. तटाचे दगड चुना न भरता का रचले आणि लाटेचं पाणी फटींतून कसं जिरतं, हे यांनी मुलांना समजावून सांगितलं. पाऊण वाजता दरवाज्यात येऊन बघतो तर वाट गायब. पाणी छातीच्या वर.

रविवार असल्यामुळे होड्यांना गर्दी. आमचा नंबर लागेपर्यंत तीन वाजले. एक लहान मुलगी भुकेने रडत होती आणि तिच्या आजीने मला एकदाच विचारलं, "तुम्ही इथल्याच ना?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जेवणं चारला झाली. निम्मे पैसे आम्ही परत केले.

संध्याकाळी सासूबाई अंगणात सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या.

"आज तिथी कुठली?" त्यांनी विचारलं.

"पंचमी."

"मग तिथीची पाऊणपट कर. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती. त्याच्या आधी सहा तास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, पावणेदहाला. तू साडेअकराला गेलीस, तेव्हा पाणी चढत होतं."

"आई, मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस कधी?"

हा हिशोब कोकणात किनाऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या माणसाला तोंडपाठ असतो. मी पेणची, सासरी येऊन अकरा वर्षं झाली होती आणि घावनाचं पीठ किती सैल ठेवायचं एवढंच शिकले होते. अर्थात हिशोब ढोबळच, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय अष्टमी-नवमीला भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी असतं, ते पुरतं हटतच नाही. आता आम्ही छापील भरती-ओहोटीचं कोष्टकही बघतो, पण फोनवर बोलताना तोंडी हिशोबच कामाला येतो.

त्यानुसार दिवस फिरतो. चतुर्थी-पंचमी असेल तर बोटीवरून थेट किल्ला, न्याहारी नंतर. द्वादशी-त्रयोदशीला सकाळी वाडी, लवकर जेवण आणि तीनच्या सुमाराला किल्ला. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी उधाणाचं पाणी, त्या दिवशी किल्ल्याचं नावच काढायचं नाही. कुणाला त्याऐवजी अलिबागमधलं हिराकोट तळं किंवा कान्होजी आंग्र्यांची समाधी बघायची असली तर नेतो. किल्ल्यात जायचंच असेल तर मी सरळ दुसरा रविवार सुचवते. काही जण रागावतात आणि दुसरीकडे जातात. जाऊ देत.

मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. आपली गाडी बोटीत घालून कुटुंबं येणार म्हणून आम्ही वाडीत चार गाड्यांची जागा सपाट केली. आठवड्याभरात टाळेबंदी आली. आणि 3 जूनला निसर्ग वादळ. त्या दुपारी आम्ही स्वयंपाकघरात बसून मोडण्याचे आवाज मोजत होतो, नंतर मोजणं सोडलं. 210 पोफळी आणि 21 माड गेले. सपाट केलेली जागा पडलेल्या खोडांनी भरली. पोफळ लावून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, माडाचंही तसंच. यांनी नोकरी बघायला सुरुवात केली होती.

खोडं मात्र कामाला आली. चिरून पाटाच्या पन्हळी केल्या, बाकं केली, मांडवाचे खांब केले. पडलेल्या पोफळीच्या झावळ्यांच्या विऱ्यांवर, म्हणजे बुडाच्या रुंद, जाड सालींवर, आमचा मुलगा शेजारच्या पोराला बसवून ओढत होता, ते बघून सुचलं. पुन्हा सहली सुरू झाल्या तेव्हा तो खेळ ठेवला. आज वाडीवर शहाळी आहेत, झोपाळा आहे, पण भांडणं होतात ती विरीवर आधी कोण बसणार यावरून, आणि त्यात बाबा लोकही असतात. एकदा एका वजनदार काकांना ओढायला सहा पोरं लागली होती.

दर माणशी 350 रुपयांपासून आता 900 वर आलाय. जेवणात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, पांढऱ्या कांद्याची कोशिंबीर, सोलकढी. मासे बाजारात मिळतील ते. सुरमईच हवी असा हट्ट धरणाऱ्यांना मी बांगडा खायला घालते आणि बहुतेक जण पुन्हा मागतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी पोपटी असते. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, खडेमीठ, ओवा, बटाटे, केळीच्या पानात बांधलेलं मसाल्याचं चिकन, तोंडाला पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि झावळ्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने सासूबाई येतात, मडक्यावर पाण्याचा हबका मारतात, चर्र झालं की "काढा" म्हणतात. चर्र कुठलं पुरेसं आणि कुठलं अजून कच्चं, हे मला अजून ओळखता येत नाही.

जून ते ऑगस्ट आम्ही बंद असतो. शेंगा संपल्या की पोपटीही बंद. मार्चमध्ये मागाल तर मिळणार नाही, बाहेरच्या शेंगा आणून लावलेली पोपटी सासूबाईंना चालत नाही.