तुमच्या फोटोंतला किनारा इतका रिकामा कसा?

‘तुमच्या फोटोंत एक माणूस दिसत नाही. असा निवांत किनारा कोकणात राहिलाय तरी कुठे? लोकेशन पाठवा ना.’ नवा फोटो दाखवला की हे कुणी ना कुणी विचारतंच. नातेवाईक विचारतात, ओळखीपाळखीचे विचारतात, कधी न भेटलेली माणसंही विचारतात. गावाचं नाव सांगून मोकळं होता येतं, पण त्याने उत्तर मिळत नाही. म्हणून तुम्ही विचारलंत तर जरा बैजवार सांगते.

असा निवांत किनारा नाही. माझे बहुतेक फोटो देवगड ते वेंगुर्ले या पट्ट्यातले आहेत: आचरा, तोंडवळी, तळाशील, भोगवे. या सगळ्या नांदत्या जागा आहेत. तळाशीलला तर एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घरं. तिथे माणसांपासून लांब जायचं म्हटलं तर पाण्यातच उतरावं लागेल. फोटोत रिकामी दिसते ती जागा नसते, वेळ असते. आणि ती वेळ माझ्या हातात नाही, पाण्याच्या हातात आहे.

किनाऱ्यावरच्या घरांत एक हिशोब तोंडपाठ असतो. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला. त्यानंतर सहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. छापील तक्त्याशी ताडून पाहिलं तर थोडाफार फरक पडतो, पण निघायचं कधी हे ठरवायला एवढं पुरतं. आता यातली फोटोग्राफरच्या कामाची गोष्ट बघा. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ओहोटी येते ती नेमकी सकाळ-संध्याकाळच्या उजेडाच्या सुमाराला. त्यातून ते दिवस उधाणाचे, म्हणजे पाणी चढतं तसं खूप लांबवर उतरतंही. ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यात अख्खं आभाळ दिसतं. अष्टमीला त्याच वेळी, त्याच जागी पाणी सुरूच्या बनाच्या बाजूला चढलेलं असतं आणि पाय ठेवायला पट्टीभर वाळू उरते. म्हणून मी लोकेशनऐवजी तिथी सांगते, तेव्हा काही लपवत नसते.

सकाळच मला जास्त आवडते. सूर्य डोंगराकडून वर येतो, त्यामुळे उजाडल्यावरही किनाऱ्यावर बराच वेळ सावलीच असते. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो, त्याने पाणी गुळगुळीत झालेलं असतं. दहा-अकरानंतर खारे वारे सुटतात, भिंगावर मिठाचा थर बसायला लागतो आणि पाण्याचा पृष्ठभाग विस्कटतो.

मग त्या उजेडाची वाट बघत मी काय करते? बसते. पाणी हटायला लागलं की ओल्या वाळूला बारीक भोकं दिसू लागतात. त्यातून हरभऱ्याएवढा खेकडा बाहेर येतो, चिमूटभर वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून बाजूला टाकतो. पुन्हा दुसरी चिमूट. थोड्या वेळात भोकाभोवती गोळ्यांच्या रांगा सगळ्या दिशांना पसरतात. पाऊल वाजलं की सगळे एकदम आत. परत यायला हवे असतील तर आपण हलायचं नाही, मान वळवायचीही नाही. मी किनाऱ्यावर स्वस्थ बसायला शिकले ती या खेकड्यांमुळे. आणि ज्या वाळूचा फोटो घ्यायचा तिच्यावर आधी पाय पडू द्यायचा नसतो, तेही यातून आपोआप साधतं.

पण बहुतेक दिवशी मी बघत असते ती रापण. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिली नसेल म्हणून सांगते. होडीतून जाळं नेऊन समुद्रात मोठा अर्धगोल टाकतात आणि त्याची दोन्ही टोकं दोरांनी किनाऱ्यावर आणतात. मग एकेका दोराला माणसं लागतात. टाचा वाळूत रोवून, अंग मागे टाकून, सूर धरून ओढतात. शेवटचा माणूस दोराचं वेटोळं घालतो, पुढे जातो, पुन्हा दोर धरतो. दोन्ही रांगा ओढता ओढता हळूहळू एकमेकींकडे सरकतात. जाळ्याचं पोट उथळ पाण्यात आलं की पाणी उकळल्यासारखं दिसतं. आत पेडवे, तारल्या, बांगडे उसळत असतात. तोवर घारी डोक्यावर आलेल्या असतात, थंडीच्या दिवसांत पाहुणे आलेले कुरव कडेकडेने धावत असतात, बायका पाट्या घेऊन पोचलेल्या असतात. वाळूवर मासळीचे ढीग पडतात, वाटे होतात, बोली होते. मग जाळं होडीत चढतं, पाट्या डोक्यावर जातात आणि बघता बघता सगळी पांगतात.

माझा फोटो त्यानंतरचा असतो.

तुम्हाला त्यात आभाळ दिसतं आणि ओली वाळू दिसते. वाळूवर डावीकडून उजवीकडे गेलेली एक लांब खोबण आहे, ती दोराची आहे. कडेला चमचमणारे ठिपके आहेत, ते मासळीचे खवले आहेत. हे मी फोटोतून पुसत नाही. कोपऱ्यात होडीचं टोक आलं तर तेही राहू देते. ‘तेवढं काढलंत तर फ्रेम स्वच्छ होईल’ असं सुचवणाऱ्यांना माझं सांगणं असतं की ती होडी तिथे माझ्या आधीपासून आहे.

रापणीतले एक आजोबा मला दर वेळी विचारतात, ‘काय गो बाय, आज काय गावला?’ मासळीबद्दल एकमेकांना विचारतात तसंच, त्याच सुरात. मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवते. ते डोळे बारीक करून बघतात, पण उजेडाकडे नाही, पाण्याकडे. मागच्या खेपेला फोटोतल्या एका लाटेवर बोट ठेवून त्यांनी वाळूचा बांध कुठे तयार होतोय ते मला दाखवलं. मी ती लाट केवळ सुंदर दिसली म्हणून टिपली होती.

रिकामेपणात थोडी करामत कॅमेऱ्याचीही आहे, तीही सांगायला हवी. भिंगापुढे मी कधी कधी गडद काच लावते. दहा स्टॉपची काच उजेड हजारपटीने कमी करते, म्हणजे एक तीसांश सेकंदात होणाऱ्या फोटोला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्या वेळात लाटा एकमेकींत मिसळून धुकं झाल्यासारख्या दिसतात आणि समोरून चालत गेलेलं माणूस फोटोत उमटतच नाही. तेव्हा एखाद्या फोटोत कुणी दिसलं नाही म्हणजे तिथे कुणी नव्हतं, असं समजू नका.

लोकेशन न देण्याचं आणखी एक कारण आहे. जागा टिकत नाही. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो आणि खालचा कातळ उघडा पडतो. दिवाळीनंतर तीच वाळू हळूहळू परत येते. ऑगस्टमध्ये मी ज्या खडकाचा फोटो घेतला तो जानेवारीत अनेकदा वाळूखाली असतो, आणि तुम्ही माझा फोटो हातात धरून त्याच्यावरच उभे असता. शिवाय थंडीत यातल्या काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडली की क्षितिजावरच्या उजेडाच्या दिशेने जातात; मागे टॉर्च चमकले तर समुद्राऐवजी उलटीकडे वळतात. तिथला पत्ता मी कुणालाच देत नाही, रागावलात तरी.

आणि काही रिकामे किनारे मला नको असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या झापांखाली असतात, तेव्हाचा मोकळा किनारा बघून बरं वाटतं. मासळीची वीण व्हायची ती वेळ आहे. पण डिसेंबरातल्या चांगल्या सकाळी जाळं ओढून आणावं आणि त्यात दोन पाट्याही भरू नयेत, हे मी पाहिलंय. रापणकार पर्ससीनच्या, म्हणजे यांत्रिक बोटींनी मोठं जाळं टाकून मासळीचा अख्खा थवा घेरण्याच्या, आणि रात्री दिवे लावून होणाऱ्या मासेमारीबद्दल वर्षानुवर्षं ओरडताहेत. राज्य सरकारने 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, पुढच्याच वर्षी केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी त्यांची तक्रार संपलेली नाही. अशा दिवशी माणसं लवकर पांगतात, पक्षीही थांबत नाहीत. फोटो नेहमीसारखाच देखणा येतो, पण तो मी ‘निवांत’ म्हणून दाखवू शकत नाही.

तर तुम्हाला खरंच यायचं असेल तर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची पहाट धरा, पावसाळा सोडून कुठलीही. किनाऱ्यावर जो कोणी जाळं सारखं करत बसला असेल त्याला विचारा, पाणी कधी वळतंय. तो सांगेल ते तुमच्या फोनमधल्या तक्त्यापेक्षा जास्त मानायचं. दोराच्या वाटेत ट्रायपॉड लावू नका. ओढायला हात कमी पडत असतील तर कॅमेरा पिशवीत टाका आणि दोर धरा. शेवटी वाटा म्हणून कुणी चार बांगडे हातावर ठेवले, तर नको म्हणू नका.